"मूर्ती कुठाय?" जपानमधल्या जुन्या शिंतो देवस्थानांना पहिल्यांदा जाताना

आई पहिल्यांदा नागोयाला आली तेव्हा मी तिला इसेला घेऊन गेले. दीड तास आगगाडी, मग बस, मग गोट्यांच्या रस्त्यावरून उंच सुरूसारख्या झाडांखालून चाल. शेवटी दगडी पायऱ्या चढून वर पोचलो तर समोर लाकडी कुंपण, कुंपणाला दरवाजा आणि दरवाजावर पांढरा पडदा. आईने हात जोडले, मान तिरकी करून आत डोकावायचा प्रयत्न केला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मूर्ती कुठाय?"

"दाखवत नाहीत."

"म्हणजे आज बंद आहे?"

तिला हसायचा मला काही हक्क नव्हता. जपानमधल्या माझ्या पहिल्या दोन वर्षांत मी बौद्ध मंदिरात खणखणीत टाळ्या वाजवल्या आहेत, उलट्या बाजूने चालले आहे आणि शिक्क्यासाठी ऑफिसची डायरी पुढे केली आहे. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. इसे मला जवळ पडतं आणि मी तिथे सर्वांत जास्त वेळा गेले आहे, म्हणून बहुतेक गोष्टी इसेच्या अंगाने सांगेन. बाकीची ठिकाणं शेवटी.

१. आधी देऊळ कुणाचं ते ओळखा

शिंतो हा जपानचा मूळ धर्म. शिंतो देवस्थान म्हणजे जिंजा आणि बौद्ध मंदिर म्हणजे तेरा. नावाच्या शेपटावरून ओळखता येतं. जिंगू, ताइशा, जिंजा, गू असं काही असेल तर शिंतो. जी किंवा इन असेल तर बौद्ध. दारात तोरी, म्हणजे दोन खांबांवर दोन आडवे वासे असलेली कमान दिसली तर बहुधा शिंतोच. नकाशावर जिंजासाठी तोरीचं चिन्ह असतं आणि बौद्ध मंदिरासाठी स्वस्तिक. आपला माणूस स्वस्तिक बघून खूश होतो आणि नेमका चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवतो. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे.

ही वाटणी वाटते तितकी जुनी नाही. हजारेक वर्षं देव आणि बुद्ध एकाच आवारात नांदत होते. १८६८ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून त्यांची घरं वेगळी केली. त्यामुळे आजही सरमिसळ दिसते. आपली सरस्वती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे आली, बेंझाइतेन झाली आणि एनोशिमासारख्या शिंतो देवस्थानातही तिला जागा मिळाली. महाकालाचा झाला दाइकोकुतेन, पाठीवर पोतं टाकलेला हसरा देव. दारातल्या कोमाइनू या सिंहकुत्र्यांच्या जोडीतल्या एकाचं तोंड उघडं असतं, दुसऱ्याचं मिटलेलं. त्याला 'अ-उन' म्हणतात आणि तो उच्चार संस्कृतातून आलेला आहे.

२. 'जुनं' या शब्दाचा अर्थ बदलून घ्या

तोक्योला आलेले पाहुणे मेइजी जिंगूची झाडी बघून "किती प्राचीन!" म्हणतात. ते १९२० चं आहे. झाडंसुद्धा तेव्हाच लावलेली. क्योतोचं हेइआन जिंगू १८९५ चं.

खरोखर जुनी देवस्थानं हवी असतील तर एक कसोटी उपयोगी पडते. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या सरकारी ग्रंथात त्या वेळच्या २,८६१ देवस्थानांची यादी आहे. यादीत नाव असलेल्या जिंजाला 'शिकिनाइशा' म्हणतात आणि असं देवस्थान ते दारातल्या दगडावर अभिमानाने कोरून ठेवतं. कोपऱ्यावरचं साधंसं जिंजासुद्धा कधी कधी या यादीतलं निघतं.

पण मग इसेचं काय? आपल्याला जुनं म्हणजे अंबरनाथ. १०६० चा शिलालेख, काळवंडलेला दगड, झिजलेली शिल्पं. इसेच्या मुख्य देवळाचं लाकूड २०१३ चं आहे. आणि तरीही हे जपानमधलं सर्वांत मानाचं प्राचीन देवस्थान.

कारण इथे दर वीस वर्षांनी देऊळ नव्याने बांधतात. याला शिकिनेन सेंगू म्हणतात. नाइकू या आतल्या देवस्थानाचं पहिलं सेंगू ६९० मध्ये, सम्राज्ञी जितोच्या काळात झालं. मध्ये यादवीच्या काळात शंभरावर वर्षांचा खंड पडला, पण परंपरा मोडली नाही. २०१३ चं बासष्टावं. पुढचं २०३३ मध्ये.

देवळाचे खांब पाया न घालता थेट जमिनीत रोवलेले असतात आणि छपराला गवत शाकारलेलं असतं. या दमट हवेत ते कुजणारच. पण एवढंच कारण नसावं. वीस वर्षांत एक सुतार उमेदवारी करतो, पुढच्या सेंगूला मिस्त्री होतो, त्याच्या पुढच्या वेळी म्हातारा होऊन नव्यांना शिकवतो. देवाची वस्त्रं, शस्त्रं, आरसे असे ७१४ प्रकारचे १,५७६ नग नव्याने घडवले जातात. दगडाच्या देवळात वास्तू टिकते आणि ती घडवणारे हात जातात. इथे उलटं. वास्तू जाते, हात टिकतात.

लाकूड वाया जात नाही हेही बघण्यासारखं. नाइकूत शिरताना उजी पुलाच्या दोन्ही टोकांना तोरी आहेत. आतली तोरी नाइकूच्या जुन्या मुख्य खांबाची, बाहेरची गेकूच्या, म्हणजे इसेच्याच बाहेरच्या देवस्थानाच्या. वीस वर्षं तिथे उभं राहिल्यावर तेच लाकूड सेकी आणि कुवाना या जुन्या यात्रामार्गावरच्या गावांत तोरी म्हणून जातं. जाताना त्या खांबाला हात लावून बघा. गुळगुळीत आणि थंडगार लागतो.

एका सेंगूला सुमारे दहा हजार हिनोकीची झाडं लागतात. इसेच्या डोंगरातली मोठी झाडं काही शतकांपूर्वीच संपली. तेव्हापासून लाकूड मुख्यतः किसोच्या जंगलातून येतं. १९२३ मध्ये देवस्थानाने स्वतःच्या जंगलासाठी २०० वर्षांची योजना आखली. २०१३ मध्ये त्या जंगलातलं लाकूड पहिल्यांदा वापरता आलं, साधारण पाव हिस्सा.

३. कधी जायचं आणि कधी नाही

दारं पहाटे ५ ला उघडतात. बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते: ऑक्टोबर ते डिसेंबर संध्याकाळी ५, मे ते ऑगस्ट ७, बाकी महिने ६. माझं ऐकाल तर सकाळी ७ च्या आत गेकू गाठा. गोट्यांवरचा स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येईल. दहानंतर सहलीच्या बस येतात आणि झेंडा धरलेल्या गाईडच्या मागून चालावं लागतं.

१ ते ३ जानेवारी टाळा. नववर्षाच्या पहिल्या दर्शनाला अख्खा देश लोटतो.

आता एक गोष्ट जी कोणत्याही पर्यटन पत्रकात ठळक नसते. घरात मृत्यू झाला असेल तर शिंतो रीतीप्रमाणे ५० दिवस तोरीखालून जात नाहीत. आपलं सुतकच. मृत्यू हा 'केगारे' म्हणजे विटाळ मानतात. एका डिसेंबरात शेजारच्या आजोबांचं पोस्टकार्ड आलं, राखाडी फुलांचं: या वर्षी घरात दुःखद घटना झाली, नववर्षाच्या शुभेच्छा देत नाही, क्षमस्व. दारावर सजावटही नव्हती. मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग बरोबरच आहे की." पाळीच्या बाबतीत मात्र कुणी काही विचारत नाही, बायकांनी निर्धास्त जावं.

४. पिशवीत काय हवं

- सुटी नाणी, त्यात ५ येनची बरीच. पाच येन म्हणजे 'गो-एन', त्याचाच उच्चार 'ऋणानुबंध' असाही होतो, म्हणून हे नाणं वाहतात. नोटा मोडायला देवळात यंत्र नसतं.
- हातरुमाल. हात धुतल्यावर पुसायला कागद ठेवलेला नसतो.
- गोशुइन-चो, म्हणजे शिक्क्यांची घडीची वही. नसेल तर तिथेच विकत मिळते.
- जाड तळव्याचे बूट. गोट्यांवर चपला आत खडे घेतात. चपला काढायच्या नसतात, कुठे आत सभागृहात बोलावलं तरच.
- खांदे-गुडघे झाकणारे कपडे. कुणी हाकलत नाही, पण टोपी मात्र देवापुढे काढतात.
- पासपोर्ट. परदेशी पाहुण्याने तो नेहमी जवळ बाळगायचा असतो.

नारळ, हार, उदबत्ती, कापूर काही नेऊ नका. आईने पर्समधून पुडी काढेपर्यंत मला पत्ता नव्हता.

५. पोचायचं कसं

नागोयाहून किंवा ओसाकाच्या नाम्बाहून किंतेत्सु कंपनीची जलद गाडी इसेशी स्टेशनला जाते. नागोयाहून दीड तासाच्या आत, नाम्बाहून पावणेदोन तासांच्या आसपास. जलद गाडीला तिकिटावर वेगळा अधिभार असतो.

सापळा असा की जेआर (जपान रेल्वे) पास किंतेत्सुवर चालत नाही. जेआरची 'मिए' नावाची गाडी आहे, पण तिचा मधला टप्पा इसे रेल्वे या दुसऱ्याच कंपनीच्या रुळांवरून जातो आणि पास असला तरी त्या तुकड्याचे पैसे डब्यात येऊन मागतात. घाबरू नका, सुटे काढून ठेवा.

इसेशी स्टेशनला जेआरच्या बाजूने बाहेर पडा. समोरच्या रस्त्याने गेकू पाच-सात मिनिटांवर. मी पहिल्यांदा किंतेत्सुच्या दाराने उतरून दुसऱ्याच बाजूच्या गल्ल्यांत फिरत होते. त्या निमित्ताने घरांच्या दारांवरचे गवताचे जाड दोर नीट पाहिले. बाकी जपानात ते नववर्षापुरते असतात. इसेत वर्षभर टांगलेले, मधोमध लाकडी पाटी: 'सोमिन शोराइच्या वंशजांचं घर.' देवाला रात्री आसरा देणाऱ्या गरीब माणसाची ती गोष्ट. त्याचे वंशज म्हटलं की रोगराई दारातून परत जाते.

६. आधी गेकू, मग नाइकू

हा क्रम चुकवू नका. गेकूत तोयोउके ही अन्नाची देवता आहे, नाइकूत अमातेरासू ही सूर्यदेवता, सम्राटांच्या घराण्याची मूळ पूर्वज. सणांची पूजासुद्धा आधी गेकूत होते, मग नाइकूत. परंपरा सांगते की अमातेरासूचं जेवण बघायला तोयोउकेला सुमारे १,५०० वर्षांपूर्वी इथे आणलं. तेव्हापासून गेकूत रोज दोनदा नैवेद्य होतो. पुजारी लाकडावर लाकूड घासून विस्तव पाडतात आणि त्यावर भात शिजतो. तांदूळ देवस्थानाच्या शेतातला, मीठ फुतामीच्या किनाऱ्यावर देवस्थानानेच बनवलेलं. बरोबर पाणी, साके, मासे, समुद्री वनस्पती, भाज्या, फळं. मासे वाचून नाक मुरडू नका, हा त्यांचा देव आहे.

आता पायरी पायरीने.

तोरीपाशी थांबून कमरेत किंचित झुका. मग आत. रस्त्याच्या मधून चालू नका, मधली पट्टी देवाची. गेकूत डावीकडून, नाइकूत उजवीकडून चालायचं.

हात धुवा. पळी उजव्या हातात घेऊन डावा हात, मग उलट, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, पुन्हा डावा हात, शेवटी पळी उभी करून उरलेलं पाणी दांड्यावरून घरंगळू द्यायचं. हे सगळं एकाच पळीत. पळीला तोंड लावू नका आणि पाणी गिळू नका, हे तीर्थ नव्हे. कोविडनंतर पुष्कळ ठिकाणी पळ्या काढून नुसती धार ठेवली आहे. नाइकूत जमल्यास हौद सोडून थोडं पुढे इसुझु नदीच्या घाटावर जा. तो दगडी काठ १६९२ मध्ये शोगुन त्सुनायोशीच्या आईने बांधून दिला असं सांगतात. पाणी इतकं नितळ की तळातलं नाणंसुद्धा दिसतं. (नाणी टाकू नका.)

देवापुढे दोनदा खोल वाकायचं, दोन टाळ्या, हात जोडून क्षणभर थांबायचं, मग एकदा वाकायचं. टाळी वाजवताना उजवा हात बोटभर खाली सरकवतात. इतर जिंजात दोर हलवून घंटा वाजवतात आणि पेटीत नाणं टाकतात. इसेत घंटा नाही, पेटीही नाही, फक्त पांढरं कापड अंथरलेलं असतं. पूर्वी इथे सम्राटाशिवाय कुणाला काही अर्पण करायची मुभाच नव्हती. म्हणूनच मुख्य देवापुढे 'हे दे, ते दे' म्हणत नाहीत, आभार मानतात. मागणं असेल तर नाइकूत आरामात्सुरी-नो-मियाला, गेकूत ताका-नो-मियाला जायचं. नोकरी, व्हिसा, मुलाची परीक्षा, सगळं तिथे.

नाइकूच्या पायऱ्यांच्या वर फोटो नाही. फोन खिशात ठेवा, रखवालदार नम्रपणे पण लगेच येतो.

वर पोचल्यावर घाई करू नका. पडद्यामागे दरवाजे, कुंपणं, आणि त्यांच्या आत अमातेरासूचं प्रतीक असलेला आरसा. तो यात्रेकरूला कधीच दिसत नाही. दर्शन हा प्रकारच इथे नाही, आपण आलो हे देवाला कळलं की झालं. त्या दिवशी आई उभी असताना वारा सुटला आणि पडदा हातभर उचलला गेला. आत दिसले पांढरे गोटे आणि उन्हाचा एक पट्टा. मागच्या म्हातारीने "आऽ" असा सुस्कारा सोडला आणि वाकली. तिला बघून आईही वाकली. पुढे मी मूर्तीचा विषय काढला नाही, तिनेही नाही.

परतताना शेजारचा रिकामा चौथरा बघायला विसरू नका. गेकूत तो जवळून दिसतो. गोट्यांचं मैदान, मध्ये एक छोटं खोपटं. मागच्या वेळच्या आणि पुढच्या वेळच्या देवळाची ती जागा, खोपट्याखाली मध्यस्तंभाचं स्थान जपलेलं. छपरंही बघा. टोकाला वर आलेल्या फुलीच्या वाशांची टोकं गेकूत उभी कापलेली, नाइकूत आडवी. छपरावरचे ओंडके गेकूत ९, नाइकूत १०.

प्रदक्षिणा नाही. उगीच मागून वाट शोधू नका.

७. शिक्का, कौल, ताईत

गोशुइन म्हणजे दर्शनाची नोंद: लाल शिक्का आणि कुंचल्याने लिहिलेली तारीख. साधारण ३०० ते ५०० येन. आधी नमस्कार, मग शिक्का. वहीचं पान उघडून द्या. मी ऑफिसची डायरी दिली तेव्हा खिडकीतल्या बाईंनी ती दोन्ही हातांनी परत केली, इतक्या अदबीने की मला नाकारलं हे कळायला दहा सेकंद लागली. बौद्ध मंदिरांसाठी शक्यतो वेगळी वही ठेवा, काही ठिकाणी एकत्र वहीत लिहीत नाहीत.

ओमिकुजी म्हणजे चिठ्ठीवरचा कौल, 'महाशुभ' पासून 'महाअशुभ' पर्यंत. वाईट आला तर तिथल्या दोरीला बांधून यायचं. कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. इसेत मात्र ओमिकुजी मिळत नाही. इथे येणं झालं हाच शुभ कौल, असं म्हणतात.

ओमामोरी हा कापडी पिशवीतला ताईत. उघडायचा नाही. वर्षाने परत आणून द्यायचा, तिथे तो विधिवत जाळतात.

८. पोटाचं

इसे उदोन म्हणजे जाड, मऊ शेवया आणि काळा रस. दिसायला शाकाहारी, पण रसात मासा असतो. शाकाहारींनी ओहाराइमाचीच्या गल्लीत आकाफुकु खावं: मोचीवर, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यावर, लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, त्यावर तीन बोटांच्या रेघा, इसुझुच्या लाटा म्हणून. दुकान १७०७ पासूनचं आणि मूळ शाखा पहाटे ५ ला उघडते. आईच्या मते पुरणात वेलची हवी होती.

त्या गल्लीत कुत्र्याची खेळणी विकायला दिसतील, गळ्यात दोरी आणि पुडकं. एदो काळात ज्याला स्वतः येणं जमत नसे तो कुत्र्याला पाठवी, गळ्यात पैसे आणि चिठ्ठी बांधून. वाटेतले यात्रेकरू त्याला खाऊपिऊ घालत पुढे नेत. १८३० च्या मोठ्या यात्रेत काही महिन्यांत चाळीस लाखांवर माणसं इसेला आली, त्यात मालकाला न विचारता पळून आलेले नोकर आणि पोरंही होती. आता मात्र कुत्रा पुलाच्या अलीकडच्या चौकीत ठेवावा लागतो.

९. इसेनंतर

इझुमो. दुसरं कुठेतरी एकच जाणार असाल तर इथे जा. ओकायामाहून 'याकुमो' गाडीने तीन तास, किंवा तोक्योहून रात्रीची शयनयान 'सनराइज इझुमो'. देव ओकुनिनुशी. 'ओकुनि' ही अक्षरं 'दाइकोकु' अशीही वाचता येतात, म्हणून आपला महाकाल इथे त्याच्यात मिसळला. इथे टाळ्या दोन नाहीत, चार. सध्याचं मुख्य देऊळ १७४४ चं, २४ मीटर उंच. पूर्वी ते याच्या दुप्पट उंच होतं असं सांगत आणि अभ्यासक त्यावर हसत. २००० मध्ये आवारात तीन प्रचंड ओंडके एकत्र बांधून केलेल्या खांबाचे बुंधे सापडले आणि हसणं थांबलं. त्या जागी जमिनीवर तीन लाल वर्तुळं आखली आहेत.

बहुतेक लोक समोरून नमस्कार करून निघतात. देवळाचं तोंड दक्षिणेला असलं तरी आत देव पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे. पश्चिमेच्या बाजूला जाऊन तिथे पुन्हा वाका. कागुरादेनवरच्या पाच टनांच्या गवती दोरात नाणी खोचायचा मोह टाळा. लोक खोचतात, पण दोर खराब होतो.

चांद्र दहाव्या महिन्यात देशभरचे देव इझुमोला सभेला येतात, म्हणून इतरत्र तो 'देव नसलेला महिना' आणि इथे 'देव असलेला'. दशमीच्या संध्याकाळी इनासाच्या किनाऱ्यावर शेकोट्या पेटवून त्यांना उतरवून घेतात. अधिक मासाचा घोळ नसेल त्या वर्षी ही आपल्या कार्तिकी एकादशीच्या आसपासची तिथी. त्या आठवड्यात हॉटेलं महिने आधी भरतात.

फुशिमी इनारी, क्योतो. स्थापना ७११. जेआर नारा मार्गाने क्योतोपासून पाच मिनिटं, पण जलद गाडी इनारीला थांबत नाही, लोकलच घ्या. कोल्हा हा देव नव्हे, देवाचा निरोप्या. लाल तोरींच्या मागच्या बाजूला देणगीदाराचं नाव आणि तारीख असते, त्यामुळे चढताना कोरं लाल आणि उतरताना काळी अक्षरं दिसतात. रात्रंदिवस उघडं. पूर्ण डोंगर करायला दोन-तीन तास ठेवा.

इत्सुकुशिमा, हिरोशिमाजवळ. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका. पाण्यातली तोरी १८७५ ची, जमिनीत रोवलेली नाही, स्वतःच्या वजनावर उभी आहे. भरतीत देऊळ तरंगतं, ओहोटीत तोरीपर्यंत चालत जाता येतं. दोन्ही हवं असेल तर बेटावर मुक्काम करा.

आणि इसेला परत यायचं असेल तर तारखा लक्षात ठेवा. २०३३ च्या सेंगूचे विधी २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाले. २०२६ आणि २०२७ मध्ये गावकरी 'एन्या! एन्या!' म्हणत ओंडके दोरांनी ओढून आणण्याचा सोहळा करतात. बाहेरच्यांनाही आधी नाव नोंदवून एक दिवस दोर धरता येतो. सेंगूनंतर काही महिने जुनं काळपट देऊळ आणि नवं पिवळंधमक देऊळ शेजारी शेजारी उभी असतात. आईने कालनिर्णयच्या शेवटच्या पानावर '२०३३, इसे' असं लिहून ठेवलं आहे. गुडघ्यांचं तेव्हा बघू म्हणते.